शेवंतीचे केस

बडोदे, ६ ऑगस्ट

चि. भक्तीस आबांचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तुझं अर्धंच बोलणं माझ्या कानात शिरतं आणि उरलेलं तुझा बाप समरजित आपल्या मनाने जोडून सांगतो, म्हणून म्हटलं, पत्रच बरं. समरजित हसतो. शिरवळला पत्र पोचेपर्यंत तू जनावरांची डॉक्टर होशील म्हणतो. होऊ दे, आपल्यालाच हवं आहे.

इकडे सगळे मजेत. सुभानपुऱ्यात सध्या आपल्या शेवंतीचीच चर्चा आहे. उन्हाळा गेला, श्रावण लागला, तरी तिच्या अंगावरचा एक केस गळला नाही. उलट वाढलेत, बोटभर लांब आणि मानेखाली कुरळे. चोवीस वर्षांच्या घोडीची अशी लोकर कुणी पाहिली आहे का? शेजारच्या हंसाबेन विचारत होत्या, काका, शुं खवडावो छो, काय खाऊ घालता हिला? मी सांगितलं, आमच्या पागेचा तोबरा. भिजवलेले हरभरे, बाजरी आणि मुठीएवढा गूळ. माझे आजोबा सरकारी पागेत होते तेव्हापासूनचं माप आहे ते. केस दिसल्यापासून मी गूळ थोडा वाढवलाच आहे.

एक-दोन बारीक गोष्टी आहेत. पाणी फार पिते, टब दोनदा भरावा लागतो. आणि पुढचे पाय जरा जपून टाकते. रखमाआत्या नागरवाड्यातून येऊन दृष्ट काढून गेली. थोरली बहीण आहे, तिला नाही म्हणायची माझी छाती नाही. यंदाच्या दसऱ्याला शेवंती दारात अशी उभी राहील की बघत राहशील. आपल्या घराच्या दारात दसऱ्याला घोडं नाही असं एक वर्ष गेलेलं नाही.

अभ्यास कर, जेवणाची हयगय नको. आमची माया तुझ्याकडे आहेच, ती सांभाळून ठेव.

तुझे,
आबा (उदयसिंहराव)


शिरवळ, १३ ऑगस्ट

ती. आबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र वाचलं आणि पहिल्यांदा हसले, मग हसू गेलं. रागावू नका, पण शेवंतीची लोकर तब्येतीची नाही, आजाराची आहे. आमच्या सरांना बाबांनी पाठवलेले फोटो दाखवले. तेही तेच म्हणाले.

मेंदूच्या खाली एक लहानशी ग्रंथी असते, पियूषिका. ती रक्तात हार्मोन सोडते, आमच्या मराठी पुस्तकात त्यांना संप्रेरक म्हणतात. ती रक्ताबरोबर अंगभर फिरतात आणि ज्या अवयवाला ज्याचा हुकूम कळतो तो ते काम करतो. केस कधी वाढवायचे, कधी गाळायचे, पाणी किती राखायचं, साखर किती सोडायची, सगळं त्यांच्यावर चालतं. घोड्याच्या या ग्रंथीचा एक भाग असा आहे की त्याला काम कर म्हणून सांगावं लागत नाही, पुरे म्हणून सांगावं लागतं. ते पुरे म्हणणाऱ्या मेंदूतल्या नसा म्हातारपणी झिजतात. मग ग्रंथी थांबतच नाही. मूत्रपिंडापाशी असलेल्या अधिवृक्क ग्रंथींनाही तिचा हुकूम सारखा पोचत राहतो. म्हणून केस, म्हणून तहान.

केसांचं मला भय नाही, पायांचं आहे. अशा घोडीला गोड पचत नाही. साखर वाढली की ती आवरायला इन्शुलिन वाढतं, आणि फार वाढलेलं इन्शुलिन घोड्याच्या खुराच्या आतली पकड सैल करतं. जपून पाय टाकते म्हणता ते त्याचंच लक्षण वाटतं. त्यातून दिवस लहान होऊ लागले की ही ग्रंथी निरोगी घोड्यातही जोर धरते, थंडीची तयारी म्हणून. म्हणजे आतापासून दसऱ्यापर्यंतचा काळ सर्वांत वाईट.

तेव्हा डॉक्टर मयंकभाईंना बोलावून रक्त तपासा. हरभरे बंद, बाजरी बंद, गूळ बंद. सुकं गवत तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून द्यायचं. पागेचं माप मोडायला सांगते आहे, हे कळतं मला. तुमचे पाय धरते.

आत्याआजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ या पत्राने कमी होऊ देऊ नका.

आपली,
भक्ती


बडोदे, ५ सप्टेंबर

चि. भक्तीस उदंड आशीर्वाद.

तू म्हणालीस तेच निघालं. रक्ताचा रिपोर्ट पाहून मयंकभाई म्हणाले, तुमची पोरगी बराबर बोलली. तू बोललेलं खरं निघालं याचा आनंद मानू की शेवंतीचं दुःख, हे ठरवता आलं नाही. एवढे दिवस मी तिच्या दुखण्याची फुशारकी मारत होतो. मनाला फार लागलं.

गोळी सुरू केली. पूर्वी कंपवाताच्या माणसांना देत ती हीच म्हणे. समरजितने कुठून कुठून फोन करून मिळवली. केसही मशीनने कापले. आता ती शिंगरासारखी दिसते आणि हंसाबेन तोंडाला पदर लावून हसतात. तुझं ते ग्रंथीचं मला चांगलं समजलं. घोडी तीच, पण लगाम धरणारा हात थकला. बरोबर ना?

पण पाय बिघडले, बाळ. पुढचे दोन्ही खूर हाताला गरम लागतात. दिवसाचा बराच वेळ आडवी असते. मागच्या अंगणात वाळूची जाड गादी केली आहे, तिच्यावर पडून राहते. आधी कण्हत का होईना आपली उठायची, आता मी आणि समरजितने दोराने आधार दिला तरच उठते. मयंकभाई माझ्याशेजारी बसून हळू आवाजात बोलले, मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. दसऱ्यापर्यंत औषधाला वेळ देऊ. तोवर आपली आपण उठू लागली तर ठीक, नाही तर तिला असं ठेवणं पाप आहे, इंजेक्शन द्यावं लागेल. मी हो म्हटलं. तुझी आजी गेल्यापासून संध्याकाळी माझी वाट बघणारं घरात तेवढं एकच आहे, आणि मी हो म्हटलं.

गोळीची काळजी करू नकोस, एक दिवस चुकत नाही. कडू असते म्हणून थुंकायची. मग मांडवीच्या बाजारात जाऊन चांगला पिवळा गूळ आणला, त्याच्या खड्यात गोळी दाबून देतो. मिटक्या मारत खाते. तोबऱ्यातला गूळ पूर्ण बंद आहे, हा फक्त औषधापुरता.

इकडची काळजी इकडेच राहू दे. तू आपली माया तेवढी पाठव.

तुझे,
आबा


शिरवळ, १० सप्टेंबर

ती. आबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

आबा, औषधापुरता गूळ असं काही नसतं. कपाळाला हात लावला मी. सकाळी गोळी तिच्या ग्रंथीला आवरते आणि त्याच घासातला गूळ खुरांना पोळतो. बाबांनाही मी आजच फोन करून सांगितलं आहे, पण तुमच्या हातात माझं अक्षर पडल्याशिवाय तुम्ही मानणार नाही. काकडीला चीर पाडून तिच्यात गोळी घाला. नाही खाल्ली तर पाण्यात विरघळवून पिचकारीने जिभेवर सोडा. गूळ घरातूनच काढा, तुमच्या चहातलासुद्धा.

दसऱ्याचं आत्ताच सांगते. त्या दिवशी अख्खी गल्ली पूजेला येते आणि प्रत्येकाच्या हातात जलेबी असते. आत्याआजी पुरण आणतात. यंदा कुणाचाही घास तिच्या तोंडात जाता कामा नये. एकाचाही नाही. हे तुम्हांलाच करावं लागेल, बाबांचं कोणी ऐकत नाही.

इंजेक्शनचं वाचून वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडले. त्याच घोडीच्या पाठीवर तुम्ही मला बसवलंत, म्हणून मी या कॉलेजात आहे. द्यायची वेळ आलीच तर मला कळवा, मी येईन. तुम्ही एकट्याने उभं राहायचं नाही.

रागाने लिहिलं आहे, प्रेमाने वाचा.

आपली,
भक्ती


बडोदे, १६ सप्टेंबर

चि. भक्तीस आशीर्वाद.

तुझ्या बाबांनी फोन ठेवला तसा गूळ हंसाबेनना देऊन टाकला. काकडी खाते, तोंड वाकडं करून. मीही चहा अगोड पितो, तोंड वाकडं करून. अजून दोरानेच उठते.

आबा


बडोदे, ४ ऑक्टोबर

चि. भक्तीस आबांचे अनेक आशीर्वाद.

परवा दसरा झाला. सकाळी शेवंती वाळूवरच होती. दारात उभी राहण्यासारखी नव्हती, आणि आता दोराने ओढून उभी करायची नाही असं मी आणि मयंकभाईंनी ठरवलं होतं. पूजा मागच्या अंगणात, ती पडली असतानाच केली. झेंडूची माळ गळ्यात घातली. मग फाटकात खुर्ची टाकून बसलो. हंसाबेन जलेबी-फाफड्याची पुडी घेऊन आल्या, त्यांना ना पाडली, नको म्हटलं. पलीकडचे दत्तात्रेय आले, त्यांच्या पेढ्याला ना पाडली. आयुष्यात सणाच्या दिवशी कुणाचा घास असा परत पाठवला नव्हता. सोनं घ्या, दर्शन घ्या, पण घास नको, एवढंच सगळ्यांना सांगत राहिलो.

शेवटी रखमाआत्या आली, चांदीच्या वाटीत पुरण घेऊन. या वयात रिक्षाने, एकटी. मी उठून तिच्यापुढे उभा राहिलो आणि नको म्हणालो. ती म्हणाली, वडिलांच्या वेळेपासून देते आहे, मरायला टेकलेल्या जनावराचा घास तोडतोस? मी पुन्हा नको म्हणालो. ती पुरणाची वाटी पदराखाली घेऊन, घोडीला न बघताच, आल्या रिक्षाने परत गेली. अजून बोलत नाही. बोलेल कधी तरी. तुला सांगतो भक्ती, खूप वाईट वाटलं, पण पुरे म्हणणारा हात शेवंतीच्या डोक्यात उरला नाही, तर कुणाचा तरी हवाच ना.

काल सकाळी मयंकभाई बॅग घेऊन आले. तू कळवायला सांगितलं होतंस, ते मी मोडणार होतो. तुझी परीक्षा चालू होती, म्हणून समरजितलाही गप्प राहायला सांगितलं होतं. मयंकभाईंनी खूर चाचपले आणि दोनदा चाचपले. गरम नव्हते. थोडं थांबू म्हणाले. अंगणात आम्ही तिघे बसून राहिलो. मग शेवंतीने पुढचा एक पाय लांब केला, मग दुसरा. थोडा वेळ तशीच बसली. मग अंग झटकलं, वाळू आमच्या अंगावर उडाली, आणि ती उठली. दोर नाही, हात नाही. समरजित धावत तिच्याकडे गेला. मयंकभाईंनी बॅग बंद केली. मी आत जाऊन तिच्या गोळीची काकडी चिरून आणली.

गोळी आता जन्मभर, आणि थंडी अजून जायची आहे, हे मयंकभाईंनी कागदावर लिहून दिलं आहे. चालेल.

परीक्षा संपली की ये. तुझ्यावरचा जीव आहे तेवढाच आहे, वाढायला आता जागा नाही.

तुझे,
आबा