आईवरचं सुनीत

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आज माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयाहून जास्त आहे. काल माझ्या मुलीला शाळेतून सुनीत लिहून आणायला सांगितलं. "मम्मी, मदत कर की," म्हणाली. मी पेन हातात घेतलं आणि मन थेट तुमच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलं.

नववीत तुम्ही आमच्या वर्गालाही सुनीत लिहायला दिलं होतं. माझी आई त्याच उन्हाळ्यात गेलेली. मी तिच्यावर लिहिलं, वात्सल्याचा सागर, मायेची सावली वगैरे. तुम्ही ते वाचून मला रविवारी घरी बोलावलंत. शेंगदाणे भाजता भाजता, मागं वळूनही न बघता तुम्ही विचारलंत, "ही कुणाची आई गं? निबंधाच्या पुस्तकातली?" मला इतकं लागलं की मी निघायला उठले. तुम्ही गॅस बंद केलात. "बस. तुझी आई शेवटी काय बोलली ते सांग."

दवाखान्यात तिनं विचारलं होतं, "अन्नम तिन्नावा?" जेवलीस का, एवढंच. आमच्या घरात सगळं बोलणं तेलुगूत. "हे मराठीत कसं बसवू?" मी रडतच विचारलं. "तसंच ठेव की. बाकीच्या ओळी त्याच्याभोवती बांधू." मग दुपारभर आपण बसलो. एकही शब्द तुम्ही आपणहून दिला नाहीत, सगळे माझ्याकडूनच काढून घेतलेत. यमक चुकलं की नुसती मान हलवायचात. मध्येच खोकल्याची उबळ यायची, तेव्हा ओट्याला धरून उभ्या राहायचात.

आई गेल्यापासून वडील बोलायचेच थांबले होते. टॉवेलच्या कारखान्यातून यायचे, जेवायचे, भिंतीकडं तोंड करून पडायचे. त्या संध्याकाळी मी त्यांना ते वाचून दाखवलं. आईच्या ओळीपाशी ते उठून बसले. मग म्हणाले, "मळ्ळी चदुवु." पुन्हा वाच. मी वाचलं. ते तोंडावर पंचा धरून रडले, आणि आई गेल्यावर पहिल्यांदाच आम्ही दोघं तिच्याबद्दल बोललो.

हे तुम्हाला सोमवारी सांगायचं होतं. सोमवारी तुम्ही शाळेत आला नाहीत, नंतरही कधी आला नाहीत. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी सांगितलं. सगळा वर्ग रडला, मी नाही.

आता वडीलही नाहीत. मुलगी माझी वाट बघून कंटाळली, "राहू दे, मोबाइलवर करते," म्हणाली. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. तेव्हा मला तुमचा राग आला होता, बाई. एवढ्या आजारी होतात, तर मला जीव कशाला लावलात? तो राग अजून पुरता गेलेला नाही.