पाठ झालेला तक्ता

५ फेब्रुवारी, सकाळी
बस झालं. लेकीच्या खर्चासाठी दरमहा द्यावी लागणारी रक्कम कमी करून घ्यायचीच. घटस्फोटाला तीन वर्षं झाली, दुकान मंदीत, आणि आमच्या माजी सौभाग्यवतींना त्याचं काही नाही. वकिलाला फोन केला. त्याने नमस्काराच्या आधी फी सांगितली. किळसवाणा माणूस. नेमला.

११ एप्रिल
अर्जाला तिचं उत्तर आलं. खर्चाची यादी : शाळा, बस, डान्स क्लास आणि चष्मा. चष्मा? माझ्या लेकीला? अठरा वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय. माणसाच्या चालण्यावरून नंबर सांगतो मी. शिसारी आली. जेवण गेलं नाही. (चारला गेलं.)

१२ एप्रिल
वकील म्हणतो, हे एक कलम खोटं ठरलं की अख्खी यादी संशयात. म्हटलं, चष्मा माझ्यावर सोडा.

१६ जून, रविवार
लेक आली. दर रविवार माझा असतो. (मधले सात हुकले, पण कामामुळे.) चष्मा कुठाय विचारलं. बॅगेत, म्हणाली. म्हणजे लागतच नाही! खुर्चीत बसवून भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा. डोळे बारीक करत होती, ती सवय आईची. निकाल लेटरहेडवर लिहून शिक्का मारला. आइस्क्रीम दिलं. बाहेर आल्यावर दुकानाची नवी पाटी कशी वाटते विचारलं. छान म्हणाली, पण बघत होती शेजारच्या केमिस्टच्या पाटीकडे. पोरीचं लक्षच नसतं.

२४ जून, सकाळी ११
कोर्ट. बाक चिकट, चहा पाणचट, माणसं आधीच हरलेली. मी सोडून.

२४ जून, संध्याकाळी
तिच्या वकिलाने डोळ्यांच्या डॉक्टरचा रिपोर्ट काढला. दोन्ही डोळे मायनस अडीच. मी शिक्क्याचा कागद पुढे केला. जजबाईंनी लेकीला आत बोलावून विचारलं, मग बाबांकडे कसं वाचलंस? म्हणाली, तो तक्ता पाठ आहे. लहानपणी गिऱ्हाईक संपेपर्यंत त्याच खुर्चीत बसून असायचे. त्या दिवशी बाबा इतका खूश दिसत होता की थांबवेना.
जजबाईंनी मला व्यवसाय विचारला. फाइलमध्ये लिहिलेला होता. तरी सांगावा लागला. अर्ज फेटाळला.
वकील अपील म्हणतोय. पुन्हा शिसारी आली. या वेळी तिची नाही, वकिलाचीही नाही.

३० जून, रविवार
चष्मा लावून आली. फ्रेम समोरच्या दुकानातली, डावी काडी सैल. स्क्रू आवळून दिला. बिल केलं नाही, हे नोंदवून ठेवतो.
चष्मा घालून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, बाबा, तू एवढा म्हातारा कधी झालास?
मी तक्ता उतरवून ठेवला. नवा मागवायला हवा.