पावणेपाचाचे पाच किलो

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? माझं विचाराल तर तीन दिवस घास गिळवत नाही.

माझं काम तुम्हाला माहीत आहे (मामी त्याला 'काटे कुरवाळणं' म्हणतात). डिजिटल काट्यावर वजन पडलं की आत विजेचा किंचित दाब तयार होतो आणि एक चिप त्याचा आकडा करते. चिप बिचारी आज्ञाधारक. काटा रिकामा असताना तिला सांगायचं, हे शून्य. मग ऑफिसचं प्रमाणित वजन ठेवून सांगायचं, हे पाच किलो. पुढचं सगळं ती त्यावरून मोजते. शिकवणाराच गाढव असेल तर ती काय करणार?

परवा प्रसूतिगृहातला बाळांचा काटा असाच शिकवून हात झटकले, तर मोठ्या सिस्टरनी (चष्म्यावरून बघतात, तिथेच निम्मा जीव जातो) साखरेचं न फोडलेलं किलोचं पाकीट त्यावर ठेवलं. आकडा आला एक किलो त्रेपन्न ग्रॅम. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाळांची औषधं आम्ही या आकड्यावर देतो." तो काटा त्यांनी लगेच कपाटात बंद केला, पण गेल्या तीन महिन्यांत मी आणखी अकरा काटे शिकवलेत मामा, त्यातले दोन दवाखान्यांतले.

वजन उलटं केलं. खाली चिकटपट्टीवर तुमचं अक्षर: 'रोज वीस वेळा. कंटाळा करू नये.' तुमचा काटा नीट करायला आलो होतो, तेव्हा मामींनी चहाला तिसरी हाक मारली, त्या घाईत मी दार आपटू नये म्हणून दाराला लावलेलं तुमचं व्यायामाचं वजन ऑफिसचं समजून उचललं होतं. ते भरतं पावणेपाच.

दोन्ही दवाखान्यांना फोन करून काटे बंद करायला लावलेत. गप्प बसावं असं दोनदा मनात आलं, पण ती औषधं आठवली की बसवत नाही. उद्या साहेबांना स्वतः सांगणार. नोकरी राहील असं वाटत नाही. फार भीती वाटते, मामा.

तुमचा,
वजन घटलेला भाचा

ता. क. ऑफिसचं खरं वजन तुमच्या दाराला लावलेलं असणार. रविवारी न्यायला येतो. तोवर फडक्यात गुंडाळून ठेवा आणि त्यानं व्यायाम करू नका (ती काळजी नाही म्हणा).

ता. क. २ तुमचा काटाही मी त्याच वजनानं शिकवला. मामी सत्तर दिसतात तेव्हा साडेसहासष्टच असतात. तीन महिने त्यांनी रात्रीचं जेवण सोडलंय (आणि तुम्हालाही सोडायला लावलंय) ते उगाच. साहेबांना मी सांगतो, मामींना तेवढं तुम्ही सांगा.

ता. क. ३ मामी, घरातली पत्रं आधी तुम्हीच उघडता हे आत्ता आठवलं. रविवारी येत नाही. वजन पोस्टानं पाठवा.