हेमंतची जपानी कॅसेट

३ ऑगस्ट १९८९, गुरुवार

पांढुर्ण्याला यायचं होतं, तिगाव पाहून आलो. गाडीत अशी झोप लागली की पांढुर्णा कधी आलं नि गेलं, कळलंच नाही. तिगावहून रिकाम्या पेट्यांच्या ट्रकवर बसून परतलो. इथल्या दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांना उशिराचं खरं कारण सांगितलं तर पोट धरून हसले. एवढा निवांत झोपणारा माणूस टाके घालताना घाबरायचा नाही, म्हणाले.

वर्ध्याहून त्यांनी मला मुद्दाम बोलावलंय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार असते. जाम नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, मधे पाण्यात रोवलेलं पळसाचं झाड, त्यावर झेंडा. तो तोडून आणेपर्यंत दोन्हीकडून दगड. त्या एका दिवसात दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते म्हणे. बघू. मधुकर ड्रेसरचा टाका आजवर कुणी उसवलेला नाही.

खोली जयवंताबाईंकडे मिळाली. अकरा वर्षांपूर्वी गोटमारीत यांच्या यजमानांच्या कानशिलावर दगड बसला, ते तिथेच गेले. मुलगा हेमंत बावीस वर्षांचा, नगरपालिकेत रोजंदारीवर. नदीवर पाऊल ठेवणार नाही, अशी आईनं त्याच्याकडून शपथ घेतली आहे. मला आल्याआल्या ‘जयभीम, मधुभाऊ’ म्हणाला आणि माझी ट्रंक खांद्यावर घेतली. रात्री पाटवडीचा रस्सा. इथे दिवस चांगले जाणार.

६ ऑगस्ट, रविवार

हेमंतकडे एक नवलाची वस्तू आहे. टीव्हीला जोडायचा एक डबा, वायरीला दोन हँडल, आणि डब्यात खुपसायची कॅसेट. कॅसेटवर उभ्या केसांच्या, कपाळाला पट्टी बांधलेल्या पोराचं चित्र. जपानात त्याची कार्टून मालिका घरोघर पाहतात म्हणे. गेल्या दसऱ्याला नागपूरला जपानी यात्रेकरू आले होते, हेमंत चार दिवस त्यांना फिरवत होता. जाताना एका म्हाताऱ्यानं हे त्याच्या हाती दिलं. तुमच्या मुलाला नको का, असं हेमंतनं खुणेनं विचारलं, तर म्हातारा कितीतरी वेळ मान हलवत राहिला आणि मग कमरेत वाकला. तो बराच वेळ वरच आला नाही.

खेळ सोपा आहे. मधे नदी, नदीत खांब, खांबावर निशाण. दोन काठांवर दोन गडी. अंगठ्यानं बटण दाबलं की गडी आगीचा गोळा फेकतो. कोपऱ्यात वाळूचं घड्याळ, वाळू संपायच्या आत समोरच्याला लोळवायचं. आपल्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर तो गोळा अगदी दगडासारखा दिसतो. जयवंताबाई पदराआड हसल्या. जपानातही गोटमार आहे का रे, म्हणाल्या. पोरगा घरात बसून भांडतो याचा त्यांना कोण आनंद. ‘इथंच मार लेका, नदीवर नोको जाऊ.’

मी हेमंतला अकरा वेळा हरवलं. मला हरायला आवडत नाही. वर्ध्याला कॅरममध्ये हरलो की मी दोन-दोन दिवस कुणाशी बोलत नसे.

१२ ऑगस्ट, शनिवार

आज गंमत झाली. खेळात रोज मोठ्या डोळ्यांची जपानी पोरं येतात. आज समोरच्या काठावर टोपीवाला, झुपकेदार मिशांचा माणूस आला. हेमंत हसून लोळला. ‘हे तं आपले रघुनाथराव दिसून राहिले!’ पलीकडच्या गल्लीतले कापूसवाले शेतकरी आहेत म्हणे. मी त्यांना उजव्या भुवईवर असा हाणला की टोपी नदीत गेली.

१४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी रघुनाथराव दवाखान्यात आले. तोच चेहरा, त्याच मिशा. उजवी भुवई फाटलेली. अंगणात एकटेच उभे होते, दगड कुठून आला कळलं नाही, असं सांगत होते. दगड रुमालात बांधून आणला होता. नदीतला गुळगुळीत गोटा, ओला, शेवाळ धरलेला. नदी त्यांच्या घरापासून मैलभर.

पाच टाके घातले. टाके चांगले पडले. संध्याकाळी हेमंतला सांगितलं. मी म्हटलं, योगायोग असेल.

१६ ऑगस्ट, बुधवार

हे लिहायला लाज वाटते, पण रोजनिशीशी खोटं बोलून काय मिळवायचं? काल संध्याकाळी मीच म्हटलं, एकदा खात्री करून पाहू. हेमंत नको म्हणत होता. पडद्यावर एक बाई आली, नाकात मुरणी. हेमंतनं ओळखलं, बाजारात भाजी विकणाऱ्या पुष्पाबाई. फक्त हाताला लावू, जीव थोडाच जाणार आहे, असं मी म्हटलं आणि बटण दाबलं.

आज दुपारी पुष्पाबाई आल्या. डावं मनगट मोडलेलं. पट्टी बांधताना मलाच विचारत होत्या, भाऊ, माझं कुणाशी वैर नाही, मग कुणी मारलं असंल? मी मान वर केली नाही. मला माहीत होतं आणि तरी मी दाबलं. यापुढे कधीच नाही.

१९ ऑगस्ट, शनिवार

काल टीव्ही लावताच खेळ आपोआप सुरू झाला. दोन चेहरे आले, दोघेही तरुण. आम्ही हँडल खाली ठेवली आणि हात बांधून बसलो. कुणी मारलंच नाही तर काय होईल?

वाळू संपली. दोन्ही काठांवरचे दोघेही एकदम कोसळले.

आज जवळच्या एका खेड्यातून बैलगाडीत दोघांना आणलं. विहिरीवर पाणी काढत होते. दिलीप नावाचा मुलगा वाटेतच गेला होता. दुसरा मनोहर, डोकं फुटलेलं. तोही दुपारी गेला. डॉक्टरसाहेब चिडले होते, लोक पोळ्याआधीच दगड फेकायला लागले, म्हणाले.

म्हणजे खेळलं तर एक. नाही खेळलं तर दोघे.

हेमंतनं डबा, हँडल, कॅसेट सगळं पोत्यात भरलं. शपथ मोडून पहिल्यांदा नदीवर गेला आणि डोहात फेकून आला. आईला सांगितलं नाही. मी पोत्याची गाठ स्वतः बांधली होती, सर्जनची गाठ.

२४ ऑगस्ट, गुरुवार

आठवडा शांत. मनोहरची बायको मृत्यूच्या दाखल्यासाठी दवाखान्यात आली होती, मी मागच्या दारानं निघून गेलो. भित्रा आहे मी.

आज बातम्यांसाठी टीव्ही लावला. डबा नाही, कॅसेट नाही. तरी पडद्यावर तीच नदी. दोन काठांवर दोन गडी, आमच्याकडे पाठ करून उभे. कोपऱ्यात घड्याळ, वाळू सगळी वरच्या भांड्यात.

२७ ऑगस्ट

वळताहेत. रोज थोडे थोडे. आज डाव्या गड्याचा कान दिसला. हेमंतच्या कानाची पाळी लहानपणी डूल अडकून फाटली होती —

तशीच आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी

जयवंताबाईंना सगळं सांगितलं. त्यांना पडद्यावर काही दिसत नाही. त्यांना वाटतं, घराबाहेर पडून नदीवर जायचं म्हणून हेमंतनं ही गोष्ट रचली आणि मला सामील करून घेतलं. चुलीपाशी बसून रडल्या. हेमंतच्या बापानंही असंच काहीबाही सांगितलं होतं म्हणे, दगड बसला त्या दिवशी.

पोळा

प्लग काढला. वायर कापली. चित्र जात नाही.

टीव्ही फोडायला हेमंतनं मुसळ उचललं. पडद्यावरच्या डाव्या गड्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले. मुसळ खाली ठेवलं.

रस्त्यानं सजवलेले बैल चालले आहेत, वाजंत्री आहे. उद्या पहाटेच्या गाडीनं दोघांनी निघून जायचं, असं ठरवलं. कुठेही. इटारसी, कुठेही.

गोटमार, सकाळ

दार बाहेरून बंद. जयवंताबाईंनी कुलूप घातलं. आम्ही दोघेही आत. खिडकीतून सांगून राहिल्या की रागावू नका, मधुभाऊ, तुमी आहे म्हणून मले धीर आहे, झेंडा तुटला की उघडते. आम्ही ओरडलो. हात जोडले. त्या पदर तोंडाला लावून अंगणात बसल्या, दाराकडे पाठ करून.

दवाखान्यात डॉक्टरसाहेब वाट पाहत असतील.

दुपार

नदीकडून गलका. दोन्ही चेहरे आता समोर. पडद्यावर नुसते चेहरेच, हाताला लावायची सोय उरली नाही. डावीकडे हेमंत.

उजवीकडे मी.

पलंगाखाली पाणी — ओलं पोतं. गाठ माझीच, न सुटलेली. आत काही नाही. दोन्ही हँडल सतरंजीवर, शेवाळानं भरलेली.

वाळू सुरू झाली. आज फार हळू. म्हणून लिहितो आहे.

नंतर

मी हेमंतला म्हटलं, तू दाब. मी पुष्पाबाईंचा हात मोडला, मला लागू दे. लागलंच पाहिजे. त्याची आई आहे, माझ्यामागे कोण?

त्यानं आपलं हँडल उचललं, खिडकीच्या गजांवर आपटून आपटून फोडलं. तुकडे बाहेर टाकले.

आता एकच हँडल. माझं.

मी नाही मारलं तर दोघे. मारलं तर —

तो समोर येऊन बसला आहे, मांडी घालून. आईनं सकाळी लावलेलं तेल अजून केसांत चमकतं. हसला.

‘मधुभाऊ, तुमी कधी हरत नाही ना? मंग मारा.’

चिमूटभर वाळू

झेंडा तुटला. देवीच्या नावाचा गजर. नदीकडचा आवाज थांबला.

जयवंताबाई अंगणातून बोलताहेत, आवाजात केवढा आनंद. अकरा वर्षांत पहिल्यांदा या दिवशी भीती वाटली नाही, आपल्या दारी दगड आला नाही, म्हणतात. भाकरी टाकू का, दोघांनाही भूक लागली असेल, म्हणतात.

किल्ली कुलपात —

हेमंतनं डोळे मिटले. मी डाव्या हातानं लिहितो आहे, उजवा अंगठा बटणा