एका माइकला दोन मशीन

बीड, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६०

तीर्थरूप आप्पा,

तुमच्या शिवकांतेचं शरणार्थ घ्यावं. आईचा खोकला थांबला का? इकडे थंडी पडली आहे, हुरड्याला अजून अवकाश आहे. सासूबाई तुमची आठवण काढतात. मी खुशाल आहे.

तुमचं पत्र पोचलं. "सामान बांधून ठेव, न्यायला येतो," असं लिहिलंत. कापडवाले मोहनराव सोलापुरात काय सांगून गेले, ते त्यावरून कळलं. त्यांनी सांगितलं ते खोटं नाही. पण पुढचं बघायला ते थांबले नाहीत.

कपिलधारच्या यात्रेत शिवलिंगस्वामींचं भजन होतं. मोठ्या दुखण्यातून उठून ते पहिल्यांदाच गाणार होते. आवाज अगदी मऊ झालेला, आणि शेजारी धबधबा. आमचं आवाज मोठा करायचं मशीन घुमतं, पण शब्द कळत नाहीत. म्हणून ह्यांनी हैदराबादेहून दुसरं एक जुनं मशीन आणलं. त्याचा आवाज चिरका, पण शब्द स्वच्छ. दोन्ही मिळून लावली तर गोडी येईल, हे ह्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

दुपारी जोडणी चालली होती, वीज देणारं इंजिन सुरू होतं. ह्यांनी एक हात एका मशीनवर ठेवला आणि दुसरा दुसऱ्यावर. आप्पा, ते ओरडलेसुद्धा नाहीत. करंटनं नुसते ताठ झाले. मी धावत जाऊन इंजिन बंद केलं, तेव्हा खाली पडले. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "मशीन जळलं का गं?" तेव्हा मला रडू फुटलं. मोहनरावांनी पाहिलं ते इथवरच.

यात्रेचे पंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. बिनमशीनचं भजन हुईल."

"मग माझं म्होरच्या चार मानसांनाच ऐकू यील," स्वामी म्हणाले. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना.

मी सासूबाईंच्या कानात म्हटलं, "मला येतं."

"काय येतं?"

"मशीन लावायला."

त्यांनी माझा दंड धरला. "मग का म्हून बसलीस? लोक लई बोलतील, त्यांचं मी बघते. पर जिवाला धोका न्हाई ना?"

"हाय. पण कुठं हाय ते मला ठाऊक हाय."

तुम्ही दादाला मशीनचं काम शिकवायचात तेव्हा मी दारात ज्वारी निवडत बसायची. दादा कारकून झाला. ऐकलेलं माझ्यापाशी राहिलं. इंजिन बंद असलं तरी मशीनच्या पोटात करंट दबा धरून बसतो, म्हणून एक हात पाठीशी धरून आधी तो करंट जमिनीत सोडला. हैदराबादेच्या मशीनमधल्या एका तारेचं रबर झिजून ती पत्र्याला टेकली होती. ती बदलली. दोन्ही मशीनचे पत्रे जमिनीत ठोकलेल्या एकाच सळईला जोडले. माइकची तार दोन्हींत वाटली, पण भोंगा ज्याचा त्याला. दोन मशीन एका भोंग्यावर घालायची नाहीत, हे तुम्ही दादाला चापट मारून सांगितलं होतं.

इंजिन सुरू केलं. आवाज आला, पण पोकळ, मधेच कुणी गिळल्यासारखा. दोन भोंगे एकमेकांचा आवाज खात होते, मग एका भोंग्याच्या दोन तारांची अदलाबदल केली.

आप्पा, स्वामींचा आवाज दरीभर पसरला! भरलेला, आणि तरी शब्द न् शब्द वेगळा. पहिली ओळ म्हणून ते थांबलेच, स्वतःचा आवाज ऐकत. मग डोळे मिटून गायला लागले. निघालेली माणसं पायऱ्यांवर परत बसली.

ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. हे मला लिहायचं नव्हतं. पण काल त्यांनी त्याच हातानं भाकरी मोडली. ताकद येईल, असं हकीम म्हणतात. तोवर जोडणी मी करते, आणि हे शेजारी बसून सांगतात. कधी कधी चुकीचं सांगतात, मग आम्ही भांडतो. लिंबागणेशाहून बोलावणं आलंय. निरोप्या दारात उभा राहून म्हणाला, "मशीनवाल्या बाई हायेत का?" आत वळून मला हाक ह्यांनीच मारली.

म्हणून सामान बांधलेलं नाही. मला न्यायला येऊ नका, आप्पा. पण या. लिंबागणेशला गर्दीच्या अगदी मागे उभे राहा, आणि आवाज कुठं उणा पडतो ते मला सांगा. दादाला सांगायचात तसं, रागावून.

तुमची लेक, आणि तुम्ही हो म्हणालात तर शागीर्द,
शिवकांता