डावा हात मोकळा

१० नोव्हेंबर, सोमवार. बीदर
पूजा झाली. रोजच्यासारखं गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवलं. पाणी, विभूती, बेलाचं एक पान. हात नीट पाहिला. पांढरा डाग अंगठ्यावरून मनगटापर्यंत आलाय. येऊ दे. सातवीत पहिला ठिपका उठला तेव्हापासून देव याच हातावर बसतो. त्याने एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

मी कामाला आहे त्या, गावाजवळच्या कोळारच्या गोदामात नवा सुपरवायझर. म्हणाला, "मॅडम, हातमोजे घालत जा." विचारलं, सगळ्यांनीच का? तो वही चाळायला लागला. नाही घातले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
आत्याचा फोन. रविवारी करजगीचे पाव्हणे मला बघायला औरादला येणार. मुलगा शेती बघतो, ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकानही आहे. त्यांना गेलेल्या फोटोत मी लांब बाह्यांत, डावा हात पदराखाली. आत्यानेच काढलेला.

"हातावर लावायचं क्रीम आणलंय. काईच दिसत न्हाई. लग्न होऊ दे, मग सांगता येतंय."

"मग कामून सांगायचं? तवा दिसंलच की."

"तुझ्यामागं गौरा हाय. तिचा तरी इचार कर."

धाकटीचं नाव काढलं की माझी बोलती बंद होते, हे आत्याला पक्कं ठाऊक.

मुलाचा फोटो मीही पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला. हसतो छान. खोटं कशाला लिहू, आवडलाय. म्हणूनच राग जास्त येतोय.

१५ नोव्हेंबर, शनिवार. औराद
आईने माझ्या हाताला क्रीम लावून बघितलं. हात दुसऱ्याच कुणाचा वाटला. अप्पा ओसरीवरून म्हणाले, "आपल्या पोरीला इचारलं का कुनी?" आईने क्रीमचा आणखी एक थर चढवला.

आई डोळे पुसत होती. "देवानं तुझ्यावर अन्याय केला गं."

इथे मात्र मी भडकले. कसला अन्याय? धड हात दिला, त्याला काम दिलं, सपाटून भूक दिली, तुम्हाला दिलं. हे शिवून पसरत नाही, असं डॉक्टरांनी आईच्या समोर सांगितलंय. मला घरातल्या घरात लपवायचं माणसांनी, आणि बिल देवाच्या नावावर!

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळी आत्याने क्रीम थापलं. तशीच पूजेला बसले. लिंग ठेवायला तळहात पुढे केला आणि थांबले. ज्याने हा हात केला त्याच्याच पुढे तो रंगवून धरायचा? उठले. मोरीत जाऊन साबणाने खसाखसा धुतला. मग पूजा केली. मन लागलं.

पाव्हणे आले. मुलगा, त्याची आई, आजी. आमच्यात पाव्हण्याला आधी पूजा, मग ताट. आजीने पूजेचं पाणी मागितलं. आत्या तांब्या घेऊन धावली. मी तो तिच्या हातून घेतला आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडून आजीपुढे गेले.

आजीने पाहिलं. "हे कवापासून गं पोरी?"

"सातवीपासून. कोड हाय. पाठीवर बी हाय. फोटोत झाकलं होतं. मला न्हाई झाकायचं."

आजीने सरकून सतरंजीवर जागा केली. "बस. तू बी बस पूजेला." सकाळी झाली होती, तरी बसले. दोघींचे डावे हात शेजारी शेजारी.

मुलाची आई जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली. तो जेवला, मान खाली घालून. निघताना "कळवतो."

आत्या: "नाक कापलंस आमचं!"

गौरा भांडी घासता घासता: "अक्का, बरं केलीस. माझं नाव पुढं करून खोटं बोलू नको कवाच."

तिच्या ओल्या हातांसकट तिला मिठी मारली.

१९, बुधवार. बीदर
काही निरोप नाही. फोन दहादा उघडून बघतेय. वेडी. पूजेत आज काही मागितलं नाही. मागायची इच्छा खूप होती. नुसतं बरं वाटतंय एवढं सांगितलं. खरंच वाटतंय.

२२, शनिवार. औराद
आत्या हसत आली. "पसंत हाय! फकस्त साखरपुड्याला दोनी हातांवर गडद मेंदी काढायची, मनगटाच्या वरपत्तूर. भावकीला दिसाय नको, म्हणायल्यात मुलाची आई."

आई आनंदाने रडायलाच लागली.

‘हो’ माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मेंदीच तर आहे. पण आज साखरपुडा, उद्या लग्न, मग बारसं, मग जत्रा. जन्मभर मेंदी.

म्हटलं, "उजव्या हाताला काढीन. डावा मोकळा राहील."

"आन् न्हाई म्हणले तर?" आईने विचारलं.

"तर न्हाई. रडीन मी. पण झाकणार न्हाई."

लिहिताना रडतेच आहे. हे मुलाला मी स्वतः सांगणार, आत्याकडून नाही. ही अट त्याच्या आईची की त्याचीही, तेही विचारणार. त्याचा आवाज अजून ऐकलेला नाही.

आईला म्हटलं, आधी वाढ. पोटभर जेवते, मग फोन लावते.