डबाभर गोदावरी

लातूर, ४ मार्च १९८३

ती. सौ. कमलक्कास,
धाकट्या रुद्राणीचा सा. न. वि. वि.

शनिवारची न्हाणी आठवते का गं? हैद्राबादच्या कॉन्व्हेंटात आपल्या दोघींना मिळून एक बादली पाणी. तू आधी माझं डोकं धुवायचीस, मग स्वतःचं, आणि शेवटचा तांब्या बाजूला ठेवायचीस, कारण माझ्या कानामागे शिकेकाई हमखास राहायची. तो तांब्या डोक्यावर पडला की मी किंचाळायची, आणि सिस्टर फिलोमिना दाराबाहेरून म्हणायच्या की ही मुलगी एका तांब्यात बुडते. आज टँकरच्या रांगेत ते आठवलं आणि एकटीच हसले. शेजारची सरजाबाई वळून म्हणाली की बाईला ऊन लागून राहिलंय.

लातूर जिल्हा झाल्याला वर्षही नाही. कलेक्टर आले, पाट्या आल्या, पाणी तेवढं यायचं राहिलं.

आता मुद्द्याचं. ह्यांनी मला बायबल वाचू दिलं, ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनेलाही जाऊ दिलं. एवढंच म्हणाले होते की मी आहे तोवर बाप्तिस्मा घेऊ नकोस, दुकानात आपल्या लिंगायत समाजाची ऊठबस असते. मी शब्द पाळला. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या आठवड्यात पोटातली गाठ दवाखान्यात दाखवली, तर डॉक्टरांनी औषध लिहायच्या आधी घरी कोण कोण आहे ते विचारलं. त्यावरून काय ते समजले.

आमच्या मंडळीत माणूस पूर्ण पाण्याखाली जाऊन बाप्तिस्मा घेतो. जुनं आयुष्य तिथे पुरायचं आणि नवं घेऊन वर यायचं. एवढं पाणी या जिल्ह्यात कुठे दिसत नाही. तुमच्या गोदावरीच्या डोहात अजून कमरेएवढं आहे म्हणतात. मी येऊ का अक्का? एका सकाळचं काम आहे. बाप्तिस्मा देणारे आमचे नरसिंग पाळक सोबत येतील. याहून मोठं मागणं मी तुझ्याकडे कधी केलं नाही.

दाजींना नमस्कार, इंदूला पापा. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी रुद्राणी


नांदेड, १२ मार्च १९८३

चि. रुद्राणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. गाठीचं असं जाता जाता सांगितल्यासारखं का सांगतेस? आधी इकडे ये. इथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू. हे स्वतः घ्यायला येतो म्हणतात. राहा हवी तेवढी, जन्मभर राहा. पण नदीवर जायचं नाही.

इंदूचं उदगीरच्या सिद्रामप्पांकडे जवळजवळ ठरलं आहे. मे महिन्यात लग्न. पोरीला मुलगा आवडलाय. हल्ली आरशासमोरून हलत नाही. सिद्रामप्पांचे थोरले भाऊ इथेच असतात आणि रोज सकाळी त्याच घाटावर स्नानाला जातात. त्यांच्या डोळ्यांसमोर मुलीची सख्खी मावशी ख्रिस्ती होणार, आणि ते हात जोडून बघत बसणार? दोन महिने थांब. इतकी वर्षं थांबलीस ना.

लहानपणापासून तुझं असंच. सगळ्या मुली चॅपलमधून जेवायला पळायच्या आणि तू गुडघ्यावरच. मला वाटायचं, भूक लागत नाही की काय हिला. गुरूंनी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग तू उतरवून ठेवलंस हे कळलं तेव्हा मला घास गेला नव्हता. आणि उद्या काही झालंच, तर दफनाला तुझ्या विरूपाक्षरावांच्या शेजारी तुझी जागा आहे. ती समाजाची जमीन आहे. हे केल्यावर तिथे तुला माती द्यायला कोण येईल? कुठे जाऊन पडणार तू?

रागावून लिहिलं आहे, पण रागावर जाऊ नकोस. जीव लावणारी मीच एक उरले आहे, हे लक्षात ठेव.

तुझी अक्का


लातूर, ९ एप्रिल १९८३

ती. सौ. कमलक्कास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. बसून लिहिलं की दुखतं, म्हणून पडून लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस.

मी नांदेडला येणार नाही. इंदू आरशासमोरून हलत नाही हे वाचलं तेव्हाच ठरलं. मे उजाडेतो मी असेन असं मात्र इथल्या डॉक्टरांच्या तोंडावर दिसत नाही.

मागच्या रविवारी मंडळीतली माणसं मला जीपमध्ये घालून रेणापूरला घेऊन गेली. त्यांनी नदीच्या कोरड्या पात्रात खड्डा खणला. दिवसभर झरा पाझरला, तेव्हा कुठे गुडघ्याला लागेल एवढं गढूळ पाणी जमलं. आडवं झोपवून भागेल, असं पाळक म्हणाले. मी साडी खोचून उतरणार, तोच वरच्या वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन आल्या. नुसत्या काठावर उभ्या राहिल्या. पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणाले की भरू द्या त्यांना. एकीने जाताना विचारलं की माय, तुम्हाला प्यायला देऊ का.

तिथे मी शहाण्यासारखी वागले, घरी आल्यावर नाही. देवाशी भांडले. म्हटलं, समुद्र केलेस, नद्या केल्यास, आणि माझ्यापुरतं तुझ्याकडे नाही? उशीत तोंड खुपसून बरंच वाईट बोलले. पलीकडून काही आलं नाही. तेव्हापासून प्रार्थनेला बसते आणि तोंडातच शब्द वाळतात. ज्याच्यासाठी सगळं सोडलं त्यालाच मी नको असेन, तर मी आता कोणाची, अक्का? समाजाची राहिले नाही, त्याची झाले नाही.

आजारी माणसाच्या डोक्यावर पाणी ओतलं तरी चालतं, असं पाळक आता म्हणतात. मी नाही म्हणाले. एवढी थांबले ती अर्ध्यामुर्ध्यासाठी नाही.

पत्र फाडून टाक. आणि मला टाकू नकोस.

तुझी रुद्राणी


नांदेड, १५ एप्रिल १९८३

चि. रुद्राणीस,
आशीर्वाद.

तुझं मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. हे आधीच लिहून ठेवते.

आज सकाळी करडईच्या तेलाचा रिकामा डबा घेऊन घाटावर गेले. सिद्रामप्पांचे भाऊ भेटलेच. एवढं पाणी कशाला, असं त्यांनी विचारलं. धाकट्या बहिणीला न्हाऊ घालायचं आहे, तिकडे पाणी नाही, असं मी सांगितलं. खोटं बोलले नाही. ते हळहळले आणि भरलेला डबा त्यांनीच उचलून रिक्षात ठेवला. त्यांना कळलं असतं तर लग्न तिथेच मोडलं असतं.

डब्याच्या झाकणाला कणीक लावून वर फडकं बांधलं आहे. कंधारचे शेषेराव कंडक्टर आपल्या ओळखीचे आहेत, त्यांच्या पायाशी ठेवून पाठवते. यात तू बुडणार नाहीस, हे मलाही कळतं. पण सिस्टर फिलोमिना काय म्हणायच्या ते तूच लिहिलं होतंस.

डबा परत पाठव. आणि आपल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, हे ख्रिस्ती झालीस तरी विसरू नकोस. लग्न उरकलं की त्याच दिवशी गाडीत बसते. तोवर तग धर, माझी शपथ आहे.

तुझी अक्का


लातूर, २४ एप्रिल १९८३

ती. सौ. कमलक्कास,
तुझ्या न्हाऊ घातलेल्या रुद्राणीचा सा. न. वि. वि.

डबा पोचला. अहमदपूरच्या खड्ड्यांत अर्धा सांडला होता आणि उरलेल्यावर तेलाचा तवंग होता. तुझं पत्र पुन्हा काढून सिस्टर फिलोमिनांच्या ओळीपर्यंत वाचलं. मग पाळकांना बोलावून सांगितलं की चालेल, ओता.

इथे हल्ली सगळे करतात तशीच माझी आंघोळ झाली. अंगणात बाजेवर बसवलं, खाली सरजाबाईचं घमेलं, म्हणजे पडलेलं पाणी जनावराला जातं. मला बसवत नव्हतं, म्हणून तिने मागून धरलं. तिने पाळकांना बजावलं की सावकाश ओता, बाहेर सांडू नका, माझी म्हस तहानून राहिलीय. पित्याच्या नावाने पहिला तांब्या ओतला. पुत्राच्या नावाच्या दुसऱ्याला श्वास अडकला. पवित्र आत्म्याच्या नावाच्या तिसऱ्याला मी किंचाळले. सरजाबाई घाबरली. मी हसते की रडते, तिला समजेना.

घमेलं म्हशीने एका दमात संपवलं. माझं जुनं आयुष्य तिच्या पोटात गेलं म्हटल्यावर पाळकही हसले.

देव काही बोलला असं सांगत नाही. दुखणं तेच आहे, रात्री भीतीही तीच. पण मी कोणाची, हे आता विचारत नाही.

तुझी शपथ माझ्याच्याने पाळवेल असं वाटत नाही, म्हणून सांगून ठेवते. बाज आणि दोन्ही हंडे सरजाबाईला. ह्यांचं सागवानी टेबल आणि माझी पुस्तकं मंडळीला. इष्टलिंग चांदीच्या डबीत देवळीत आहे. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस, तू स्वतः ने आणि मठात दे. ज्यांनी बांधलं त्यांच्याकडे ते मानाने जावं. मला माती मंडळीचे लोक त्यांच्या जागेत देतील. तू एकदा ह्यांच्या जागेपाशी जा, आणि मी शब्द पाळला होता एवढं सांग.

माझं हिरवं इरकल आणि मोत्याची कुडी इंदूला. मी आधी गेले तर लग्न पुढे ढकलू नका. आपल्यात सुतक मानत नाहीत, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ द्या.

डबा शेषेरावांबरोबर परत पाठवते आहे. रिकामा नाही. त्यात थोडं पाणी राखलं आहे; त्यावर कोणी काही म्हटलेलं नाही, नुसती गोदावरी आहे. त्यातलं चमचाभर इंदूच्या हळदीत कालव. बाकीचं तू डोक्यावर घे. या खेपेला शेवटचा तांब्या तुझा.

तुझी रुद्राणी